गट उघडायचा, पण वहीचे काय?

आमच्या मोटारप्रेमींच्या मंडळाने समाजमाध्यमावर गट सुरू करावा की नाही, हा विषय काल संध्याकाळी कट्ट्यावर निघाला आणि दिवे लागून बराच वेळ झाला तरी मिटला नाही. मंडळ लहान आहे. जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करून चालत्या ठेवणाऱ्यांचे ते आहे, आणि कोणत्या गाडीला काय झाले व ते कशाने बरे झाले याच्या नोंदींची एक जाड वही आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांकडे असते. वाद खरे तर त्या वहीवरूनच पेटला.

सुरुवात आमच्यातल्या सर्वांत तरुण मित्राने केली. त्याचे म्हणणे असे, की ज्याच्या घरी वडिलांची गाडी आच्छादनाखाली वर्षानुवर्षे उभी आहे आणि जिला हात लावायची त्याची हिंमत होत नाही, त्या माणसाला आपले मंडळ आहे हे कळायला आज दुसरा मार्गच नाही. "शिवाय सुट्या भागांचे बघा ना, काका," तो म्हणाला. "कंपनीने उत्पादन थांबवलेला कार्ब्युरेटरचा एखादा जेट किंवा दाराचे रबर कोणाच्या तरी माळ्यावर पडलेले असते. तो माणूस आणि आपण यांची गाठ गटातच पडेल." हे मला पूर्णपणे पटले. एका भागासाठी महिनोन्‌महिने गाडी अडकून पडलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

काकांचा विरोध माणसे जोडण्याला नव्हता. "वस्तू मिळेल, माणूसही मिळेल, पण तिथे लिहिलेले पाच वर्षांनी सापडेल का, एवढेच मला सांगा," असे त्यांनी विचारले. त्यांच्या बाजूने बोलायला आमचा गॅरेजवाला मित्र उभा राहिला आणि त्याने दिलेली उदाहरणे सर्वांनाच गप्प करणारी होती. जगभरातल्या अनेक मोटार मंडळांनी आपली चर्चा याहू ग्रुप्सवर भरवली होती. डिसेंबर २०२० मध्ये ती सेवा कायमची बंद झाली. गुगल प्लस हे समाजमाध्यम सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये मिटले. मोटारवाल्यांना सर्वांत जास्त झोंबला तो मात्र २०१७ चा प्रसंग. छायाचित्रे साठवून ठेवणाऱ्या फोटोबकेट या संकेतस्थळाने त्या वर्षी, तिथली चित्रे इतर ठिकाणी दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलरची योजना घेणे सक्तीचे केले आणि दुरुस्तीची टप्प्याटप्प्याने दिलेली असंख्य छायाचित्रे एकाएकी दिसेनाशी झाली. "हा बोल्ट आधी सोडा" हे वाक्य जागेवर राहिले. कोणता बोल्ट, हे दाखवणारे चित्र गेले.

यावर तरुण मित्राचे उत्तर तितकेच रास्त होते. वहीसुद्धा भिजते, हरवते, आणि ती एकाच घरात असते. ज्याला रात्री रस्त्यात गाडी बंद पडल्यावर नोंद हवी आहे, त्याने काकांचे दार ठोठवायचे का? काकांनी हे ताबडतोब मान्य केले. आपली हयातभराची मेहनत ज्या वहीत आहे तिची उणीव इतक्या सहज कबूल करणारा माणूस विरळाच, हे मला इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

मग चर्चा खऱ्या जागी आली: गटात दिलेला चुकीचा सल्ला. गॅरेजवाल्या मित्राने ब्रेक ऑइलचे उदाहरण घेतले. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रकारांची तेले ग्लायकॉलवर आधारलेली असतात, तर डॉट ५ हे सिलिकॉनचे असते आणि ते या तिघांत मिसळायचे नसते, कारण दोन्ही एकजीव होत नाहीत. ५ आणि ५.१ या आकड्यांतला फरक नवख्याला क्षुल्लक वाटतो. समजा, एखाद्याने विचारले की डॉट ४ च्या टाकीत वरून काय भरू, आणि कोणी उत्साहाने लिहिले की मोठा आकडा म्हणजे चांगले तेल, डॉट ५ भर. अर्ध्या तासाने जाणकार माणूस चूक दुरुस्त करेलही. पण तोवर त्यावर फेरीची छायाचित्रे आणि अभिनंदनाचे निरोप साचलेले असतात, आणि विचारणारा पहिले उत्तर वाचून कामाला लागलेला असतो. "इंजिनाबाबत चुकले तर गाडी उभी राहते," तो म्हणाला, "ब्रेकबाबत चुकले तर ती उभीच राहत नाही." वहीत हे घडत नाही, कारण काका दोघांना विचारल्याशिवाय ओळ लिहीत नाहीत. वहीचे मोल कागदात नसून या विचारण्यात आहे, असे माझे मत तिथेच पक्के झाले आणि मी ते बोलूनही दाखवले.

आमचा वकील मित्र एवढा वेळ ऐकत होता. त्याने थोडक्यात सांगितले, की एकच अॅडमिन असला आणि तो भांडून निघून गेला किंवा त्याचे खाते कोणी बळकावले, तर मंडळाचे नाव परक्याच्या हाती जाईल. म्हणून किमान तिघे हवेत. विक्रीसाठी गाडी टाकणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय कोणी आगाऊ रक्कम देऊ नये. आणि मूळ छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ते कुठे टिपले याची नोंदही त्यासोबत जाऊ शकते, म्हणजे गाडी कुठे उभी असते हे अनोळखी माणसाला कळते. वेगाचा काटा दाखवणारी चित्रफीत गटात चालणार नाही, यावर तर कोणाचेच दुमत नव्हते.

नंबर प्लेट झाकावी की नाही यावर मात्र एकमत झाले नाही. गाडी रस्त्यावर सर्वांना दिसतेच, असे एक बाजू म्हणते. रस्त्यावर दिसणे आणि मालकाच्या नावासह कायमचे साठून राहणे वेगळे, असे दुसरी. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

शेवटी ठरले ते असे: गट उघडायचा, प्रश्न तिथे विचारायचे, उत्तरेही तिथेच द्यायची, पण दोन जाणकारांनी तपासलेले प्रत्येक उत्तर चित्रासह मंडळाच्या स्वतःच्या संग्रहात उतरवायचे आणि त्याची प्रत तीन घरांत ठेवायची. उतरवण्याचे काम तरुण मित्राने मागून घेतले. काकांनी वही त्याच्या हाती दिली आणि ब्रेक ऑइलच्या नोंदीचे पान उघडून, तिथूनच सुरुवात कर, असे सांगितले.