एक्झॉस्ट फॅन लावलाय, तर चालवा ना!

हवेची ये-जा काय असते हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हवेला निघायला वाट दिली नाही तर खोलीत नुसती चिकचिक होते.

पण बेसा, मनीषनगर, वर्धा रोडला दहाव्या-बाराव्या मजल्यावर राहायला गेलो की हे शहाणपण कुठे जातं? कूलर निदान बाहेरची हवा आत आणायचा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग असतो. दारंखिडक्या बंद करून तिघं-चौघं झोपले की पहाटेपर्यंत तो सहज 2000 च्या वर जातो. सकाळी डोकं जड होतं ते उगाच नाही. मे महिन्यात दुपारी खिडकी उघडा असं मी म्हणणार नाही, पण पहाटे पाचला तरी उघडा!

बाथरूमचं तर विचारूच नका. आंघोळ संपली की एक्झॉस्टचं बटण बंद. अहो, वाफ तर तेव्हाही भिंतींवर तशीच बसलेली असते! पुढची पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू द्या. नाहीतर छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो. कित्येक घरांत तर कबुतरं येतात म्हणून एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा ठोकलेला असतो. कबुतरांचा त्रास खराच आहे, पण त्याला जाळी लावा. आणि बिलाची भीती नको, 30 वॅटचा पंखा दहा तास चालला तरी 0.3 युनिट जळतं.

स्वयंपाकघरात एक करून बघा. खिडक्या-दारं लावून एक्झॉस्ट चालू करा आणि जाळीला कागदाचा कपटा लावा. बहुतेक तो गळून पडेल. आता बाल्कनीचं दार चार बोटं उघडा, कपटा चिकटून बसेल. आत यायला हवाच नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? सावजी रश्शाच्या फोडणीचा ठसका बेडरूमपर्यंत जातो तो यामुळेच. पंख्याच्या पात्यांवर तेलाचा थर असेल तर तोही आजच काढा.

हिवाळ्यासाठी एक कळकळीची विनंती. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर एक्झॉस्टच्या भरवशावर राहू नका. गॅस जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस आत कोसळतो आणि बाहेर पत्ता लागत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या, थंडी सुरू व्हायच्या आधी.