पळीपापड क्र. ३

पापड राखायचं काम आमच्या घरात ज्याच्यावर दुसरं काहीच सोपवता येत नाही त्याला देतात. गेली दहा वर्षं ते माझ्याकडे आहे.

पाचपाखाडीतली आमची इमारत चार मजली आणि अजून पुनर्विकासाला न गेलेली, म्हणजे गच्ची शाबूत आहे. चहूकडे टॉवर उठल्यामुळे ऊन मात्र पाहुण्यासारखं येतं. दहाला टेकतं आणि साडेतीनला निघतं. तेवढ्यात साबुदाण्याचे पळीपापड वाळवायचे. आई ते मोजून घालते. ती ३२ वर्षं बँकेत कॅश काउंटरला होती, सत्यनारायणाच्या प्रसादाचे द्रोणसुद्धा ती दोनदा मोजते. गेल्या एप्रिलात तिने १८४ पापड घातले, माझ्या हातात काठी दिली आणि बजावलं, "साडेबाराला कडा सुटतील, तेव्हा उलटायचे. आणि कावळ्यांवर लक्ष ठेव."

दुसऱ्या दिवशी वाळलेले भरले तर १८०.

"घालताना मोजायला चुकली असशील," मी म्हटलं. आई काही बोलली नाही. डब्यावर तिने चिठ्ठी चिकटवली: '१८०. येणे ४.'

काठीबरोबर मी कॅमेराही वर नेला होता, हे तिला सांगायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात ठाण्यातल्या एका गॅलरीने प्रदर्शन जाहीर केलं. फाइन आर्ट फोटोग्राफी, निवड ज्युरी करणार. फाइन आर्ट म्हणजे काय, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. त्यातून मला कळलं ते इतकंच, की फोटोत काय आहे हे बघताक्षणी कळलं तर ती साधी फोटोग्राफी. प्रवेशशुल्क पाच फोटोंचं एकत्र होतं. लांब बाजू ३००० पिक्सेल, फोटोवर नाव नको, सही नको, वॉटरमार्क नको. ज्युरीला कुणाचा फोटो ते कळता कामा नये. हे एक बरं असतं. नापास झालो तरी निनावी होतो.

चार फोटो माझ्या मते हुकमी होते. ऐरोलीहून बोटीने जाऊन काढलेले फ्लेमिंगो, येऊरचं धुकं, तिन्हीसांजेचा मासुंदा तलाव, आणि शटर मंद ठेवून काढलेली ठाणे स्टेशनची गर्दी. पाचवा फोटो नव्हता. पण पैसे पाचाचे भरलेले. ठाण्यातला मध्यमवर्गीय माणूस थाळीतलं लोणचंसुद्धा सोडत नाही. म्हणून गच्चीवरचा पापडांचा एक फोटो कृष्णधवल करून जोडला. रूपांतर करताना निळ्या रंगाची पट्टी खाली ओढली, आणि पापडांखालची निळी ताडपत्री अशी काळीकुट्ट झाली की पापड अवकाशात तरंगायला लागले.

निकाल आला. फ्लेमिंगो नापास. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाल्यापासून खाडीत पक्ष्यांपेक्षा लेन्सा जास्त झाल्या आहेत. ज्युरीने त्या दिवशी किती गुलाबी रांगा पाहिल्या असतील देव जाणे. धुकं, तलाव आणि गर्दीही त्यांच्यामागोमाग गेली. निवडले गेले पापड.

इथून पुढे खरे भोग सुरू झाले. सोबत १५० शब्दांचं कलावंताचं निवेदन हवं होतं. 'मी पापड राखत होतो' हे चार शब्द लिहून झाल्यावर उरलेले १४६ कुठून आणायचे? मग मी 'वलय', 'अभाव', 'शहरी अवकाश' आणि 'संवाद' हे शब्द आलटून पालटून वापरले. बायकोने वाचून विचारलं, "हे कुणाविषयी आहे?"

नाव काय द्यायचं? एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. तो जगभर गाजला, आणि त्याचं नाव आहे 'मिरची क्र. ३०'. मिरचीला नंबर चालतो तर पापडाने काय घोडं मारलंय? पण पापड म्हटलं की फाइन आर्ट संपली. म्हणून 'वलय क्र. ३'. एक आणि दोन कुठे आहेत, हे प्रदर्शनात सात जणांनी विचारलं.

छपाईवाला पांढरे हातमोजे घालून भेटला. १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवे असतील तर तुमच्या मूळ फाइलचेही पिक्सेल कमी पडतात, २७२ येताहेत, असं त्याने रिपोर्ट वाईट आल्यावर डॉक्टर बोलतात त्या आवाजात सांगितलं. कापसाचा कागद, पिगमेंटची शाई, भोवती माउंट, वर न चमकणारी काच. वर्षभराचे पापड, कुरडया आणि सांडगे मिळून झाला नसता एवढा खर्च झाला. शिवाय 'आवृत्ती १/५' असं पेन्सिलीने लिहायचं. फोटोच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात, म्हणूनच मी पाचाच्या वर काढणार नाही अशी शपथ घ्यायची. पहिलीच खपायची मारामार, तिथे सहावीचा मोह कुणाला होणार?

जूनच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन होतं. फोटो विकला की खाली लाल टिकली लावतात, ती पाकिटं टेबलावर तयार होती. एका स्पर्धकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सेन्सर साफ करून घ्या, काळे ठिपके आलेत." ते जिरं होतं.

आई ठेवणीतली साडी नेसून आली. माझ्या फोटोसमोर ज्युरीतल्या एक बाई चार-पाच मुलांना समजावून सांगत होत्या. "या रांगांमधल्या चार रिकाम्या जागा बघा. चित्राचा प्राण वर्तुळांत नाही, या चार अभावांत आहे. आणि कोपऱ्यातून आत येणारा हा काळा तिरपा आकार, ते भय आहे."

आईने चष्मा चढवला. ओठ हलायला लागले. ती मोजत होती.

"ही टाकीकडची रांग," ती म्हणाली. "पापडांखाली सावली पडलीय बघ. म्हणजे कडा सुटलेल्या. म्हणजे साडेबारा वाजून गेलेले. उलटले का नाहीस?"

"आई, इथे नको."

"आणि हा कावळा."

"कावळा?" बाई वळल्या.

"शेपटी आहे ती. चोच फोटोच्या बाहेर राहिली. चौथा चोचीत असणार." मग माझ्याकडे वळून, "मोजायला मी चुकले होते, नाही का?"

मुलं निवेदन वाचल्याचं नाटक करू लागली. बाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. आता त्या फोटो भिंतीवरून उतरवायला सांगणार, अशी माझी खात्री झाली. मग त्यांनी आईला विचारलं, "पळीपापड का हो? साबुदाणा आदल्या रात्री भिजवता की सकाळी?"

पुढचा पाऊण तास दोघी खुर्च्या ओढून बसल्या होत्या. मी फोटोशेजारी उभा राहून, एक आणि दोन कुठे आहेत ते लोकांना सांगत होतो.

प्रदर्शन संपलं, फोटो घरी आला. टिकली काही लागली नव्हती. स्वयंपाकघरात गेलो तर डब्यावरची चिठ्ठी बदललेली: '१३०. रोख विक्री ५०. बुडीत ४, वसुली चिरंजिवांकडून.' आणि तिच्या खाली, गॅलरीच्या टेबलावरून आणलेली एक लाल टिकली.