‘त्यांना सगळं फुकट मिळतं’ म्हणणाऱ्या कॅनडातल्या मराठी मित्रमंडळींसाठी

सप्टेंबर संपत आला की मुलांच्या शाळेतून निरोप येतो, ३० तारखेला नारिंगी शर्ट घालून पाठवा. मग आपल्या मराठी ग्रुपवर विचारपूस सुरू होते, कुठे स्वस्त मिळतोय, गेल्या वर्षीचा अजून होतोय का. इथवर ठीक. पण पाच-सात मेसेज झाले की कुणीतरी इथल्या मूलनिवासींबद्दल लिहितंच: “अजून किती वर्षं हे चालणार? यांना टॅक्स नाही, शिक्षण फुकट, घर फुकट. आपण राबायचं आणि यांनी बसून खायचं.” त्यावर पटापट अंगठे पडतात. हे अंगठे देणारी माणसं वाईट नाहीत. अडीअडचणीला धावून येणारी आहेत, म्हणूनच ते वाचून जास्त त्रास होतो आणि म्हणूनच इतकं लांब लिहितेय. वेळ काढून वाचा.

आधी त्या शर्टाबद्दल. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या होत्या तेव्हा, १९७३ मध्ये, ब्रिटिश कोलंबियात विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ्स मिशनच्या निवासी शाळेत, म्हणजे मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळेत, त्यांना पाठवलं गेलं. शाळेत जायचं म्हणून आजीने नवा कोरा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी तो अंगावरून काढून घेतला, तो परत कधीच मिळाला नाही. चाळीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यांनी ही गोष्ट चारचौघांत सांगितली आणि त्यातून हा दिवस सुरू झाला. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा केंद्र सरकारचाही अधिकृत दिवस आहे.

आता ‘त्या काळी असंच होतं, कुणाला काय कळत होतं’ या मुद्द्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त ऐकू येतो तो हाच. नाही, कळत होतं. सगळं कळत होतं, आणि ते कागदावर आहे.

१८८३ मध्ये पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांनी संसदेत उघड सांगितलं की शाळा रिझर्व्हवर (मूलनिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर) असली तर मूल रानटी आईबापांजवळच राहतं, त्यामुळे त्याला त्यांच्यापासून जितकं दूर नेता येईल तितकं न्यायला हवं. सरकारने पैसे द्यायचे आणि कॅथलिक, अँग्लिकन वगैरे चर्चनी शाळा चालवायच्या, अशी व्यवस्था देशभर झाली. पुढे अनुदान डोक्यामागे ठरलं. जितकी मुलं तितके पैसे, म्हणून आजारी मुलंही भरती करून घेतली जाऊ लागली.

१९०७ मध्ये मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या इंडियन अफेअर्स खात्याचेच मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी पश्चिमेकडच्या ३५ शाळा पाहिल्या. हवा खेळत नाही, क्षयाची मुलं आणि धडधाकट मुलं एकाच खोलीत निजतात, असं त्यांना दिसलं. त्यांनी शाळांकडून माहिती मागवली. पंधरा शाळांनी दिली. त्या शाळांमधून गेलेल्या एकूण मुलांपैकी २४ टक्के मुलं दगावलेली होती. सॅस्कॅचेवानमधल्या फाइल हिल्स या एका शाळेत हा आकडा ६९ टक्के निघाला. एका शाळेत शंभरातली एकोणसत्तर! हा अहवाल दडवला गेला असंही नाही, तो वर्तमानपत्रांत छापून आला होता. ब्राइस यांनी उपायही सुचवले होते. खात्याने खर्चाचं कारण दिलं, पुढे ब्राइस यांनाच नोकरीतून बाजूला केलं. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तिका छापली आणि तिच्या नावातच या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटलं.

आणि मधल्या काळात, १९२० मध्ये, खात्याचे प्रमुख डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी मूलनिवासींसाठीच्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती करवून घेतली. तिच्यामुळे ७ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेत धाडण्याची सक्ती करता येऊ लागली. मूल दिलं नाही तर आईबापांवर खटला. तारखांचा क्रम नीट बघा. मुलं मरताहेत हे १९०७ मध्ये समजलं होतं. सक्ती त्यानंतर आली.

एकूण सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी अशा मूलनिवासींच्या तिन्ही समाजांची. यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, सॅस्कॅचेवानमधली गॉर्डन्स १९९६ मध्ये. त्या साली हे वाचणारे तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात होते. फार जुना इतिहास म्हणून सोडून द्यावं, असं यात काही नाही.

ब्रॅंटफर्ड आपल्या मिसिसॉगाहून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे मोहॉक इन्स्टिट्यूटची इमारत अजून उभी आहे, लाल विटांची, समोर खांब असलेली. १८३० च्या दशकात सुरू झालेली ही शाळा १९७० मध्ये बंद झाली आणि वास्तू सिक्स नेशन्स या तिथल्या फर्स्ट नेशनच्या लोकांनी हट्टाने राखली. तिथे शिकलेली माणसं तिला ‘मश होल’ म्हणतात, कारण जेवणात सदान् कदा ओटची पातळ लापशी. शाळेची स्वतःची सफरचंदांची बाग होती. मुलांनी त्यात राबायचं, फळ विकायला जायचं, त्यांनी ते खायचं नाही. आम्ही तिथे गेलो तेव्हा माहिती सांगणाऱ्या बाईंनी आम्हाला इमारतीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथल्या विटांवर मुलांनी नावं कोरलेली आहेत. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं, काही इतकी खाली की वाचायला वाकावं लागतं. माझी मुलगी एका नावावरून बोट फिरवत बराच वेळ उभी होती. तिने विचारलं, “हा घरी गेला का?” बाई म्हणाल्या, “सगळे गेले नाहीत.” त्यांनी आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत, पुढच्या खिडकीकडे चालू लागल्या.

आता ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्सबद्दल, कारण तो फॉरवर्ड दरवर्षी फिरतो. मे २०२१ मध्ये तिथल्या फर्स्ट नेशनने जाहीर केलं की जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारने जुन्या शाळेच्या आवारात २१५ मुलांचे अवशेष दाखवले आहेत. पुढे ते ‘संभाव्य कबरी’ असं आणि आकडा २०० असा दुरुस्त केला गेला. तिथे खोदून मृतदेह काढल्याचं कुणी म्हटलेलं नाही. ‘सामूहिक कबर’ हा शब्द बातम्यांनी चिकटवला, त्या फर्स्ट नेशनने तो वापरला नव्हता. एवढं धरून आपल्याकडचे लोक म्हणतात, “बघा, एकही सांगाडा मिळाला नाही, सगळं थोतांड.” अहो, मुलं मेली हे सिद्ध करायला कॅमलूप्सची गरजच नाही. विनिपेगमधल्या, निवासी शाळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने शाळांच्या, चर्चच्या आणि सरकारच्याच दफ्तरांमधून काढलेल्या मृत मुलांच्या यादीत चार हजारांहून जास्त नावं आहेत. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाला मृत्यूच्या जवळपास एकतृतीयांश नोंदींमध्ये मुलाचं नावही सापडलं नाही. बरीचशी मुलं शाळेच्याच आवारात पुरली गेली, कारण प्रेत घरी पाठवायचा खर्च करायला खातं तयार नसे. जमीन खोदायची की नाही हे ज्यांची लेकरं तिथे असतील ते ठरवतील. त्यांच्यातही एकमत नाही. आपण व्हॉट्सअ‍ॅपवरून घाई करण्याचं कारण नाही.

तो आयोगही सरकारला दया आली म्हणून नेमला गेला नाही. या शाळांत वाढलेले हजारो लोक कोर्टात गेले, तडजोड झाली आणि तिच्यातून आयोग निघाला. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर हे त्याचे अध्यक्ष, स्वतः अनिशिनाबे या मूलनिवासी समाजातले. साडेसहा हजारांहून अधिक लोकांची निवेदनं ऐकून आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या आणि घडलं त्याला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं. पंतप्रधान हार्पर यांनी २००८ मध्ये माफी मागितली होती, पोप फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये अल्बर्टातल्या मास्क्वासिसला येऊन मागितली. माफ्या झाल्या. शिफारशी मात्र बहुतेक अजून अर्ध्यावर आहेत.

त्यातली शेवटची, चौऱ्याण्णवावी शिफारस आपल्यासाठी होती. नव्याने नागरिक होणाऱ्यांच्या शपथेत बदल करा, अशी. २०२१ मध्ये तो कायदा झाला. त्यानंतर ज्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली, त्यांनी फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे मूळचे आणि करारांचे हक्क मान्य करणाऱ्या राज्यघटनेचं पालन करण्याचं वचन दिलं आहे. आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी जणांचे त्या दिवशीचे झेंडा घेतलेले फोटो मी लाइक केलेत. त्यामुळे ‘आम्ही तर आत्ता आलो, आमचा काय संबंध’ हे मला मान्य नाही. आपण पासपोर्ट घेतला. देशाची मालमत्ता घेतली तसं देशाचं देणंही घेतलं. वडिलांचं घर वारशाने घेताना त्यावरचं कर्ज कुणी नाकारू शकत नाही.

मग ते ‘फुकट’. टॅक्सची सूट आहे ती नोंदणी असलेल्या फर्स्ट नेशन्स लोकांना, आणि ढोबळमानाने रिझर्व्हवरच्या उत्पन्नापुरती आणि मालमत्तेपुरती. टोरोंटोत ऑफिसला जाणारा मोहॉक इंजिनिअर तुमच्या-माझ्यासारखाच टॅक्स भरतो. इन्युइट आणि मेटींना ती सूट नाही. निवासी शाळांची भरपाई म्हणाल तर पहिल्या वर्षाचे १० हजार डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३ हजार, असा हिशेब होता. आठ वर्षं आईबापांशिवाय काढलेल्या मुलाचे ३१ हजार झाले. मारहाण आणि लैंगिक अत्याचारासाठी वेगळा दावा, त्यासाठी सुनावणीत बसून सगळं पुन्हा सांगायचं.

आणि खरं फुकट कुणाला मिळालं ते बघू. सडबरी, सू सेंट मरी, नॉर्थ बे हा सगळा टापू १८५० च्या रॉबिन्सन-ह्युरॉन करारातला. जमिनीतून उत्पन्न वाढेल तसं अनिशिनाबे लोकांचं वार्षिक देणं वाढवायचं, असं त्यात लिहिलेलं होतं. १८७५ मध्ये ते माणशी वर्षाला ४ डॉलर झालं आणि तिथेच थांबलं. निकेलच्या खाणींतून अमाप पैसा निघाला तरी ४ डॉलरच. शेवटी कोर्टकज्जे करून २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरची तडजोड झाली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारला दीडशे वर्षांच्या वचनभंगाबद्दल खडे बोल सुनावले.

किचनर-वॉटर्लूला राहणाऱ्यांनो, तुमच्यासाठी आणखी एक. ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैल जमीन १७८४ मध्ये सिक्स नेशन्सना दिली गेली होती, अमेरिकेतल्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढल्याबद्दल. वॉटर्लू, किचनर, केंब्रिज, ब्रॅंटफर्ड ही सगळी शहरं त्यात येतात. आज त्यातली पाच टक्क्यांच्या आसपास त्यांच्याकडे उरली आहे. विकलेल्या जमिनीचे पैसे सरकारने विश्वस्त म्हणून ठेवले आणि त्यांना न विचारता एका जलवाहतूक कंपनीत घातले. कंपनी बुडाली. ते त्याचा हिशेब १९९५ पासून कोर्टात मागताहेत.

विनिपेग शहर १९१९ पासून शोल लेकचं पाणी पितं. त्याच तळ्याकाठच्या शोल लेक ४० या फर्स्ट नेशनला १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळून किंवा विकत घेऊन प्यावं लागत होतं. चोवीस वर्षं. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या गावात टँकर येतो आणि धरणाचं पाणी शहराला जातं, हे बघितलेल्या मराठी माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

भाषेबद्दलही बोलायलाच हवं, कारण तिथे आपलं काळीज हलतं. दर आठवड्याला आपण मुलांना मराठी शाळेत नेतो, आजीशी फोनवर दोन वाक्यं मराठीत बोलली तर आपल्याला भरून येतं. निवासी शाळांतल्या मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार बसत होता. पुढे तीच मुलं आईबाप झाली तेव्हा पुष्कळांनी आपल्या लेकरांना मुद्दाम भाषा शिकवली नाही, मार त्यांना तरी बसू नये म्हणून. आणि मुलं काढून नेणं शाळांबरोबर संपलं असंही नाही. कॅनडातल्या लहान मुलांमध्ये मूलनिवासी मुलं आठ टक्क्यांहून कमी आहेत, पण फोस्टर केअरमधल्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त.

कुणीतरी म्हणेल, आपल्या आश्रमशाळांचं काय? रास्त प्रश्न. हेतू वेगळा, कायदा वेगळा, तिथे पोलीस पाठवून पोर उचलून नेत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. पण गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून न कळणाऱ्या मराठीत बसवायचं, हे आपण करत आलो आहोत. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतः गोंडी शाळा काढली, तर ती अनधिकृत म्हणून नोटीस निघाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या गावाच्या बाजूनेही आपण उभं राहायला हवं.

आपल्या कार्यक्रमांत सुरुवातीला जमिनीबद्दलचं ते निवेदन वाचतात ना, गणपतीची आरती व्हायच्या आधी, घाईघाईत, नावं चुकवत? ते नीट वाचा. ‘मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट’ हे आजही हॅगर्सव्हिलजवळ राहणारे लोक आहेत, आपल्या मिसिसॉगाची जमीन त्यांनी १८०५ ते १८२० मधल्या करारांत सोडली. त्यांच्यातल्या कुणाला तरी मानधन देऊन बोलवा, असं मी मंडळाच्या कार्यकारिणीला लिहिलं आहे.

आणि ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ब्रॅंटफर्डला जायचं ठरवतेय. मुलं साधारण दहा वर्षांच्या पुढची आणावीत. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, ते पैसे तिथल्याच कामाला लागतात. माहिती सांगणाऱ्यांचं बोलणं पूर्ण ऐकायचं, मध्ये वाद घालायचा नाही, प्रश्न शेवटी विचारायचे. यायचं असेल त्यांनी खाली नाव आणि किती जण ते लिहा, गाड्यांची जुळवाजुळव मी करते.