सवय बॉडीला नाही हो, जंतूला लागते

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. गेल्या पावसाळ्यात आला तेव्हा गप्प बसले होते, आता नाही. लांबलचक आहे, पण मुद्दे चारच. कल्चर टेस्ट (लघवी-रक्तातला जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी) म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा, मुद्दाम तीन दिवस लटकवतात. त्यापेक्षा केमिस्टकडून सरळ स्ट्राँग अँटिबायोटिक घ्या. बरं वाटलं की बंद करा. नाहीतर बॉडीला सवय लागते आणि मग कुठलंच औषध लागू पडत नाही. मी परळच्या बाजूला एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला टेक्निशियन आहे, रोज सकाळी प्लेटी, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, वाचणं हेच माझं काम, म्हणून लिहितेय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण बाकी सगळी गडबड तिथूनच होते. अँटिबायोटिकची सवय तुमच्या बॉडीला लागत नाही, रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणं, येतो तो बॅक्टेरियात. औषधानं कच्चे जंतू मरतात, ज्यांच्याकडे काही तोड आहे ते उरतात आणि वाढतात, आणि ती तोड म्हणजे जीन, ते शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतात, कधी कधी तर दुसऱ्याच जातीच्या. म्हणूनच ज्या माणसानं आयुष्यात चार गोळ्या खाल्ल्या नाहीत त्याच्या लघवीतही एकदम हट्टी जंतू निघतो, मग घरचे म्हणतात रिपोर्ट बदलला वाटतं. नाही बदलला, जंतू आधीच शिकून आलेला असतो.

आता तीन दिवस का लागतात. पहिल्या दिवशी तुमची लघवी लूपनं, म्हणजे तारेच्या छोट्या कडीनं, प्लेटवर ओढतो आणि ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर गुलाबी गोल ठिपके दिसले तर अंदाज येतो की ई. कोलाय, लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू, असणार, पण अंदाजावर रिपोर्ट जात नाही, त्याच्या वेगळ्या टेस्ट असतात. मग तोच जंतू दुसऱ्या प्लेटवर सारखा पसरवून वर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या, परत रात्रभर आत. तिसऱ्या दिवशी बघायचं कुठल्या चकतीभोवती जंतू वाढलाच नाही, ते स्वच्छ गोल पट्टीनं मोजायचं. म्हणजे झोपा काढत नाही आम्ही, जंतू वाढायची वाट बघतो. मोठ्या लॅबमध्ये माल्डी-टॉफ नावाचं मशीन आहे, काही मिनिटांत जंतूचं नाव सांगतं, पण त्यालाही बहुतेक वेळा आधी वाढलेला ठिपका लागतोच. टीबीचा जंतू तर इतका आळशी की कल्चरला काही आठवडे जातात, म्हणून तिथे सीबीनॅट नावाची मशीनवरची टेस्ट करतात, ती साधारण दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का दोन्ही सांगते.

तोवर पेशंटनं तडफडत बसायचं का? अजिबात नाही. सिरियस असेल तर डॉक्टर सँपल घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्ट आला की बदलतात किंवा कमी करतात. फक्त सँपल आधी, गोळी नंतर. मागे हाच मेसेज टाकणाऱ्या एका काकांनी रिपोर्ट माझ्या समोर नाचवला होता, बघ नो ग्रोथ आलं, हजार रुपये पाण्यात. म्हटलं काका, सँपल द्यायच्या आधी काही घेतलं होतं का? म्हणाले, दोनच गोळ्या. मग प्लेटवर जंतू वाढणार कुठून?

‘स्ट्राँग’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. चकतीभोवतीचा गोल मोठा म्हणजे औषध स्ट्राँग असंही नसतं. हल्लीच्या निकषांप्रमाणे ई. कोलायला नायट्रोफ्युरँटॉइन या औषधाचा गोल १७ मिलिमीटर असला तरी पास, आणि सिप्रोचा (सिप्रोफ्लॉक्सासिन) २० असला तरी नापास, कारण सिप्रोला २६ लागतात. कित्येक प्लेटींवर सिप्रोची चकती नुसती बसलेली असते, भोवती जंतू अगदी कडेपर्यंत, आणि बाजूला ते जुनं स्वस्त नायट्रो मस्त गोल काढून बसलेलं. तेच नायट्रो मूत्राशयातल्या इन्फेक्शनला छान, पण किडनीपर्यंत गेलं असेल तर उपयोगाचं नाही, तिथे पुरेसं पोचतच नाही. मग स्ट्राँग कोण? आणि केमिस्टकडून ‘सरळ’ घ्यायचं म्हणाल तर २०१४ पासून बऱ्याच वरच्या अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत आणि पेशंटचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं. लिहितात किती जण ते तुम्हालाही माहितीये.

धंद्याचं म्हणाल तर कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवायचं कमिशन, नाही असं मी बोलले तर तुम्हीच हसाल. प्रत्येक तापाला कल्चर लागत नाहीच. डेंग्यू, साधा व्हायरल, यात ना कल्चरचा उपयोग ना अँटिबायोटिकचा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) बॅक्टेरियाचाच आहे पण आमच्या नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही, त्याची रक्ताची टेस्ट वेगळी. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर बीएमसीच्या दवाखान्यात लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) देतात ती हिशोब करून ठरवलेली असते, ती दाखवून ‘बघा सरकारच वाटतंय’ म्हणू नका. तेव्हा डॉक्टरांना विचारा ना, ही टेस्ट कशासाठी, रिपोर्टनं औषध बदलणार आहे का. पण लघवीचं इन्फेक्शन सारखं परत येतंय आणि तरी कल्चर नको, हे काही पटत नाही.

बरं वाटलं की बंद, यावर थोडक्यात. पूर्वी लांब कोर्स द्यायचे, आता बऱ्याच आजारांत छोटा कोर्स पुरतो, पण किती छोटा ते डॉक्टरांनी ठरवायचं. उरलेल्या चार गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी भावाला देणं, हे तर बंदच करा.

आणि सँपल नीट द्या हो. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची, लॅबनं दिलेल्या डबीतच, धुतलेल्या जॅमच्या बाटलीत नाही. दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. मनासारखी जागा मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तीन तास उन्हात रिक्षात फिरलेल्या डबीत कागदावर तरी एकाचे पाचशे, मग आम्ही काय मोजणार. जमत नसेल तर मला सांगा, माझी या आठवड्यात सकाळची ड्युटी आहे, सव्वासहाला निघते, जाताना घेऊन जाईन.