वाडी वर्षभरात उभी राहत नाही

‘निसर्ग वादळातून कोकण वर्षभरात सावरलं’ हे लेखातलं वाक्य खटकलं. सावरले ते पत्रे आणि विजेचे खांब. आमची श्रीवर्धनजवळची नारळ-सुपारीची वाडी जेमतेम बारा गुंठ्यांची. ३ जून २०२०च्या दुपारी उभ्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या. भरपाई आधी हेक्टरी जाहीर झाली (गुंठेवाल्याने त्यात काय शोधायचं?), ओरड झाल्यावर झाडावर आली : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. पडलेलं झाड कापून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त!

सुपारीचं रोप फळ धरायला सहा-सात वर्षं घेतं, तेही सावली असेल तर. मोठी झाडंच गेल्यावर सावली कुठली? आईने रोपांना नारळाच्या झापांचा आडोसा केला होता. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं, तोही उडाला.