‘चोरांपासून बचावाचे सहा नियम’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘घराचे नूतनीकरण करताना चोरांपासून बचावाचे सहा नियम’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. तो ‘एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने’ लिहिल्याचे त्यात म्हटले आहे. अधिकाऱ्याचे नाव मात्र कुठे नाही आणि त्याने कोणत्या शहरात नोकरी केली तेही नाही. एरवी असले संदेश मी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण नाशिकच्या माझ्या आत्याने तो प्रमाण मानला आणि घराचे काम अर्ध्यावर असताना फॅब्रिकेटरला वरच्या मजल्याच्या सर्व खिडक्यांना कायमच्या वेल्ड केलेल्या ग्रील बसवायला सांगितले.

संदेशातील नियम असे आहेत. प्रत्येक खिडकी व गॅलरी न उघडणाऱ्या ग्रीलने बंद करावी. रात्री मुख्य दाराला आतून कुलूप लावून किल्ली लपवून ठेवावी. दार सागवानी घ्यावे, मग दुसरे काही लागत नाही. कॅमेरे रंगकाम झाल्यावर बसवावेत, कारण हल्ली ते वायरशिवाय चालतात. डिजिटल लॉक लावावे, ते परक्या माणसाला उघडता येत नाही. शेवटचा नियम मजुरांवर नजर ठेवण्याचा आहे, कारण म्हणे बहुतेक घरफोड्या तेच करतात.

पहिले दोन नियम एकत्र वाचले की त्यांचा अर्थ नीट कळतो. रात्री या घरातून बाहेर पडण्याची एकही वाट उरत नाही. ही शंका कोणी काढेल हे लेखकालाही जाणवले असावे, कारण कंसात त्याने उत्तर देऊन ठेवले आहे : ‘आग क्वचित लागते, चोर रोज येतो.’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. चोर नेतो तो ऐवज असतो. आगीत माणसे जातात, आणि तीही बहुधा ज्वाळांनी होरपळण्याआधी धुराने गुदमरून. ज्या घरात स्वयंपाकाचा गॅस, देवघरातली समई, दोन-तीन एसी आणि नव्याने केलेले लॅमिनेटचे फर्निचर आहे, तिथे मध्यरात्री जागे होऊन धुरात चाचपडत लपवलेली किल्ली शोधायची, असा हा सल्ला आहे.

८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे दिल्लीतील अनाज मंडी भागात एका इमारतीला आग लागली आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. तो बेकायदा कारखाना होता, घर नव्हते, हे मान्य. पण माणसे तिथेच झोपत होती, त्यांतील बहुतेक गुदमरून गेली आणि अग्निशमन दलाला आत शिरण्यासाठी खिडक्यांच्या ग्रील कापाव्या लागल्या. ग्रील कापायला लागणारा वेळ गुदमरणाऱ्या माणसाजवळ नसतो.

ज्यांना व्हॉट्सॲपवरच्या अनामिक अधिकाऱ्यापेक्षा छापील नियम विश्वासार्ह वाटतो, त्यांच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ आहे. तिचा चौथा भाग आग व जीवितसुरक्षेविषयी आहे आणि त्यात स्पष्ट म्हटले आहे की, बाहेर पडण्याचा दरवाजा ज्या बाजूच्या लोकांसाठी आहे त्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आला पाहिजे. हा नियम दरवाजांचा आहे, ग्रीलचा नाही, हे मी झाकून ठेवत नाही. परंतु आतल्या माणसाला किल्लीवर अवलंबून ठेवू नये यामागचे कारण खिडकीलाही तितकेच लागू पडते.

शिवाय चोर की आग अशी निवड करण्याची गरजच नाही. प्रत्येक झोपण्याच्या खोलीतील एका ग्रीलला माणूस सहज बाहेर पडेल एवढा उघडणारा भाग ठेवावा आणि त्याची कडी आतून हाताने उघडेल, पण बाहेरून हात घालून सापडणार नाही, अशा जागी आडोसा देऊन बसवावी. कुलूपच हवे असेल तर किल्ली त्याच खोलीत, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या खिळ्यावर असावी. खर्च काय तो दोन बिजागऱ्यांचा आणि फॅब्रिकेटरच्या थोड्या जास्तीच्या कामाचा.

सागवानी दाराविषयी फार लिहायला नको. घरफोडीच्या बातमीत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द ठरलेले असतात. त्यात फळी कुठली होती याचा उल्लेख क्वचितच असतो. चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे चौकटीला जोडून भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, पक्की धरलेली नसेल आणि कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर उभा असेल, तर सागवानाचा खर्च वाया गेला असे समजावे. चौकट घट्ट करण्याची वेळ प्लास्टरच्या आधीची असते, नंतर नाही. आणि संदेशात ज्याचा उल्लेखही नाही ती बाथरूमची खिडकी : काचेच्या सुट्या पट्ट्यांची, शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजच्या पाइपला हात टेकवता येईल अशी. प्लंबिंग बदलताना हे पाइप कुठून न्यायचे, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

कॅमेऱ्यांचा नियम निव्वळ उलटा आहे. ‘वायरशिवाय’ म्हणवणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना विजेची वायर लागतेच, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर नसलेला राउटरही बंद पडतो. भिंतीत झिरी मारून वायरचे पाइप टाकण्याचे काम पुट्टीच्या आधी झाले तर एकाच कॅट-सिक्स (नेटवर्कच्या) केबलमधून कॅमेऱ्याला वीज व चित्र दोन्हीची सोय १०० मीटरपर्यंत होते. रंगानंतर तीच केबल भिंतीवरून लोंबत न्यावी लागते. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नये, कारण चोर जाताना तोही नेतात; हवा खेळेल अशा बंद कपाटात किंवा माळ्यावर त्याची जागा आणि इन्व्हर्टरचा पॉइंट आधीच काढून घ्यावा.

डिजिटल लॉक वाईट नाही. चांगले लॉक आतून नुसता दांडा फिरवून उघडते, म्हणजे ते संदेशातल्या दुसऱ्याच नियमाच्या विरुद्ध जाते, आणि बऱ्याच लॉकना अडचणीसाठी साधी किल्लीही असते. मग ते परक्या माणसाला उघडता येत नाही हा दावा कशाच्या जोरावर?

मजुरांविषयीच्या विधानाला संदेशात कोणताही आधार दिलेला नाही, आणि उन्हातान्हात आपल्या भिंती उभ्या करणाऱ्यांकडे सरसकट संशयाने पाहणे मला अशोभनीय वाटते. तरीही त्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. काम चालू असताना मुख्य दाराची किल्ली सुतारापासून रंगाऱ्यापर्यंत अनेकांच्या हातांतून जाते आणि तिची नक्कल कोणीही, अगदी ठेकेदाराच्या ओळखीचा एखादा तिऱ्हाईतही, करून घेऊ शकतो. म्हणून कामाच्या काळात जुनेच कुलूप वापरावे आणि शेवटचा माणूस गेल्यावर नवे बसवावे. लॉक आधीच बसले असेल तर नुसता सिलिंडर, म्हणजे लॉकचा किल्ली फिरते तो भाग, बदलून घेतला तरी जुन्या सर्व किल्ल्या निकामी होतात.