उडवी घराला लागून रचत नाहीत

गेल्या रविवारी आमच्या वसाहतीची मीटिंग झाली. म्हणजे होमओनर्स असोसिएशनची, पण पुण्यातल्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा तसूभरही वेगळी नाही, फक्त चहाऐवजी कॉफी. विषय एकच होता: वणव्यात घर वाचावं म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सांगितल्याप्रमाणे घराच्या भिंतीपासून पाच फुटांच्या आत जे काही जळण्यासारखं आहे, ते काढून टाकायचं की नाही. झुडपं, लाकडाच्या सालींचा मल्च (मातीवर पसरतात तो थर), भिंतीला टेकवलेलं लाकडी कुंपण, सगळं. दोन तास भांडण झालं. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण खिडकीखालचा रोझमेरी त्यांनी वीस वर्षं वाढवलाय. निर्णय काही झाला नाही, पुढच्या मीटिंगवर ढकलला. आणि घरी येते तोवर आमच्या मराठी ग्रुपवर सुरू: "आता अंगणात काय लावायचं हेही सरकारच सांगणार का?"

ग्रुपवर उत्तर द्यायला गेले आणि अंगठा दुखायला लागला. म्हणून इथे लिहितेय. लांब आहे, आधीच सांगते.

आम्ही सॅन होजेच्या पूर्वेला, टेकड्यांच्या पायथ्याशी राहतो. घर घेतलं तेव्हा मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या सोनेरी टेकड्यांवर आम्ही दोघंही भाळलो होतो. एजंटनेही त्या दृश्याचे पैसे वाजवून घेतले. तो सोनेरी रंग म्हणजे मे महिन्यातच वाळून गेलेलं गवत, हे समजायला मला आई यावी लागली.

आई फेब्रुवारी २०२० मध्ये सहा महिन्यांसाठी आली, आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. १६ ऑगस्टच्या पहाटे इथे कोरडं वीजवादळ झालं. ज्यांनी ते पाहिलं ते विसरणार नाहीत. आकाशभर विजा, आणि पाऊस जमिनीपर्यंत पोचतच नाही. शेकडो ठिकाणी आगी लागल्या. आमच्या मागच्या डोंगररांगेतल्या आगी एकमेकींना मिळत गेल्या आणि विझेपर्यंत जवळपास चार लाख एकर जळून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या काचेवर राख. आई मागच्या अंगणात उभी राहून डोंगराकडे बघत होती. चिपळूणजवळच्या आमच्या गावात तिने पन्नास वर्षं वणवे पाहिलेत, त्यामुळे ती घाबरली वगैरे नव्हती. तिने विचारलं, "जाळरेषा नाही काढत का गो इकडे?"

शहरात वाढलेल्यांसाठी: वणव्याचे दिवस यायच्या आत गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून किंवा साफ करून ठेवतात, म्हणजे आग तिथपर्यंत येते आणि खायला काही न मिळाल्यामुळे अडते. वनखातं काढतं, आंबा-काजूच्या बागवालेही आपापल्या बागेभोवती काढतात. काढली नाही तर एप्रिलमध्ये कलमं होरपळलेली बघायची, आणि लावली कुणी म्हणून गावभर चौकशी करत हिंडायचं. लावणारा कधीच सापडत नाही.

मग तिची नजर खाली आली. आमच्या भिंतीला लागून मी मोठ्या हौसेने पसरलेला मल्च. रेडवूडच्या साली, चार इंच जाड, कोरड्या ठाक. तिने पायाने थोडा उकरला आणि म्हणाली, "हा पेंढा कशाला पसरलायस भिंतीला लागून? उडवी कधी घराला लागून रचतात का?"

उडवी म्हणजे भाताच्या पेंढ्यांची रास. इथली विद्यापीठं आणि अग्निशमन खातं दहा वर्षं घसा फोडून जे सांगताहेत, ते या एका वाक्यात आहे. आपल्याला वाटतं, वणवा म्हणजे ज्वालांची भिंत डोंगरावरून खाली येते आणि घरं गिळते. तशी येतेही कधी कधी. पण बहुतेक घरं जळतात ती ठिणग्यांनी. वारा पेटत्या साली, काटक्या, पानं उचलतो आणि एक-दीड मैल पुढे नेऊन टाकतो. ती ठिणगी शोधते काय? पन्हाळीत साठलेली पानं. पोटमाळ्याच्या झरोक्याची मोठ्या भोकांची जाळी. दारातलं काथ्याचं पायपुसणं. आणि भिंतीलगतचा मल्च. तिथे ती तासभर नुसती धुमसत राहते, बंबवाले पुढच्या गल्लीत गेल्यावर पेट घेते.

अमेरिकेच्या वनखात्यातले जॅक कोहेन नावाचे शास्त्रज्ञ आयुष्यभर हेच सांगत आले. त्यांनी कॅनडात खरंखुरं जंगल पेटवून त्याच्यासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. तीस मीटरवरच्यांना काही झालं नाही. म्हणजे जंगलाची आंच घराला लांबून मारत नाही, आपणच तिला अंगणातून वाट काढून देतो. उत्तर कॅलिफोर्नियात २०१८ च्या वणव्यात जळलेल्या पॅरडाइज गावाचे फोटो आठवा. घरांच्या जागी राख, आणि त्या राखेच्या शेजारी पाइनची झाडं हिरवीगार उभी. "सुक्याबरोबर ओलं जळतं" असं आपण म्हणतो, तिथे ओलं उभं राहिलं आणि घरं गेली.

"पण आपण काही जंगलात राहत नाही," हा ग्रुपवरचा दुसरा मुद्दा. सँटा रोझाच्या कॉफी पार्कमधले लोकही जंगलात राहत नव्हते. सपाट जमिनीवरची साधी वसाहत, आपल्यासारखीच. ऑक्टोबर २०१७ च्या एका रात्री टब्ज फायर नावाच्या वणव्याच्या ठिणग्या हायवे १०१ च्या सगळ्या लेन ओलांडून आल्या आणि एका वसाहतीत हजाराहून जास्त घरं गेली. सरकारी धोक्याच्या नकाशात ती जागा रंगवलेलीसुद्धा नव्हती. एकदा घरं पेटली की मग घरच घराला पेटवतं, जंगलाची गरज उरत नाही. म्हणून माझ्या अंगणात काय आहे हा फक्त माझा प्रश्न नाही. माझी खिडकी आणि शेजारच्यांची भिंत यांत दहा फूट अंतर आहे.

आता दुसरी बाजू, कारण मी काही अग्निशमन खात्याची प्रचारक नाही. ग्रुपवरच्या एकाने लिहिलं की पॅरडाइजची आग वीज कंपनीच्या जुनाट तारेने लागली, मग झुडपं आम्ही का कापायची? पहिला भाग अगदी खरा. नोव्हेंबर २०१८ मधली ती आग जवळपास शंभर वर्षं जुन्या लाइनवरचा एक झिजलेला हुक तुटून लागली. ८५ माणसं गेली. पीजी अँड ई या वीज कंपनीने पुढे कोर्टात सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले. कंपनी तुरुंगात जात नाही, दंड भरते, आणि आपण दर महिन्याला त्याच कंपनीचं बिल भरतो. राग यायलाच हवा. पण त्या रागाने माझी पन्हाळ साफ होत नाही. हातात खराटा धरून कंपनीला शिव्या घालता येतात, मी घालते.

पॅरडाइजबद्दल मला मात्र वेगळीच गोष्ट छळते. ते गाव बेसावध नव्हतं. त्यांनी गावाचे विभाग पाडले होते, कुठला विभाग कधी निघायचा ते ठरलं होतं, रस्त्याच्या सगळ्या लेन एकाच दिशेने सोडायची तालीमसुद्धा झाली होती. आग सकाळी साडेसहाच्या सुमारास लागली आणि आठच्या आसपास गावात होती. एकेक विभाग रिकामा करायचा आराखडा आणि सगळं गाव एकदम पेटलेलं. बाहेर जाणारे रस्ते तुंबले. मेलेल्यांत बहुसंख्य साठी-पासष्टीच्या पुढचे होते.

आणि जानेवारी २०२५ मधली लॉस एंजेलिसजवळची अल्टाडीना. आग ७ जानेवारीला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास लागली. गावाच्या मधून जाणाऱ्या लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेकडच्यांना निघायचे आदेश संध्याकाळीच गेले. पश्चिमेकडच्यांना पहाटे तीन वाजून गेल्यावर. १९ माणसं गेली, त्यातली जवळजवळ सगळी पश्चिमेकडची. त्यानंतर दोन दिवसांनी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, चुकून जवळपास एक कोटी लोकांच्या फोनवर "तयार राहा" असा इशारा पाठवला, जो एका छोट्या भागासाठी होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ओकलंडमध्ये तर १९९१ साली ही म्हण शब्दशः घडली होती: बाहेरगावचे बंब मदतीला आले आणि ओकलंडच्या नळांचं तोंड वेगळ्या मापाचं निघालं, पाइप बसेनात. २५ माणसं गेली त्या आगीत.

म्हणून मी कुठल्याच इशाऱ्यावर विसंबत नाही. काउंटीच्या अलर्टमध्ये नंबर नोंदवलाय, आगींची खबर देणारं वॉच ड्यूटी अ‍ॅप फोनवर आहे, आपल्या विभागाचा क्रमांक फ्रीजवर चिकटवलाय. पण "तयार राहा"ची वॉर्निंग आली की "निघा"च्या ऑर्डरची वाट बघायची नाही, असं घरात ठरलंय. आणि इथे मला आपल्या लोकांशी थोडं स्पष्ट बोलायचंय.

आपल्यापैकी किती जणांकडे आत्ता आईवडील आलेत? दिवसभर आपण ऑफिसात, मुलं शाळेत, घरात ते दोघं. गाडी चालवत नाहीत. फोनमध्ये इथला नंबर असलाच तर तो कुठल्याही अलर्टला जोडलेला नाही. दारावर पोलीस आला तर दार उघडू नका, असं आपणच त्यांना बजावून ठेवलेलं. वीज गेली तर गॅरेजचं दार उघडत नाही. २०१७ च्या आगींत माणसं त्या दारामागे अडकली, म्हणून पुढे कॅलिफोर्नियाने कायदा करून नव्या ओपनरला बॅटरी सक्तीची केली. आपल्या घरातला ओपनर किती सालचा आहे ते बघा. वरून लोंबणारी लाल दोरी ओढून दार हाताने उचलायचं असतं. मी आईला ते करायला लावलं. तिला दार उचललं नाही. ती तेव्हा ७१ वर्षांची होती. हा शोध मला ऑगस्ट २०२० मध्ये लागला, सहा महिने ती रोज आठ तास एकटी घरात काढून झाल्यावर. मी ऑफिसात बसून "आईला इथे किती निवांत" असं मैत्रिणींना सांगत होते, त्याची आजही लाज वाटते. तशी मार्चनंतर मीही घरूनच काम करत होते, पण दार बंद करून, कानात हेडफोन घालून. फरक काय?

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. आईने शाडूची वीतभर मूर्ती घरीच केली होती. आमच्याकडे गौरींबरोबर जातात. हवामान खात्याने रविवारी पुन्हा कोरड्या विजांचा इशारा दिला आणि आमच्या वरच्या रस्त्यावरच्यांना सामान बांधून ठेवायला सांगितलं गेलं. मी हॉलमध्ये उभी, एका हातात पासपोर्टची पिशवी, आणि समोर प्रतिष्ठापना झालेली मूर्ती. ती हलवायची कशी? आईने दोन मिनिटंही घेतली नाहीत. "दीड दिवसाचा करू या. देवाला कळतं. तुझे ओसीआय कार्ड कुठायत ते बघ आधी." रविवारी दुपारी उत्तरपूजा, बादलीत विसर्जन, बाहेर पिवळट धूर. मग तिने देव्हाऱ्यातले टाक रुमालात बांधले, स्वतःची औषधं, चष्मा, माझ्या घराची कागदपत्रं, सगळं एका पिशवीत. २००५ च्या पुराने तिला शिकवलंय. वस्तू ठरलेल्या, पिशवी ठरलेली, रडायला नंतर वेळ असतो.

आणि मग म्हणाली, "पलीकडच्या आजोबांना कोण सांगणार?"

पलीकडे एक व्हिएतनामी आजोबा राहायचे, वॉकर घेऊन चालणारे. सहा वर्षं शेजारी असून माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता. आईकडेही नव्हता, पण कुंपणावरून तिची आणि त्यांची कारली आणि मिरच्यांची देवाणघेवाण चालायची, दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नसताना. त्यांचा मुलगा रात्रपाळीला असतो, हे तिला माहीत होतं. कसं, ते विचारू नका. मी जाऊन बेल वाजवली. आजोबांना कसलीही कल्पना नव्हती. मुलाचा नंबर घेतला, माझा दिला, वेळ आली तर आमच्या गाडीत मागची सीट तुमची, असं ठरलं.

तो दुसरा वीजमारा फारसा झालाच नाही. आम्हाला घर सोडावं लागलं नाही. सोळा-सतरा दिवसांनी, ९ सप्टेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या अख्ख्या बे एरियाचं आकाश भरदुपारी नारिंगी झालं आणि लोक दिवे लावून बसले, तेव्हा मात्र आई प्रथमच म्हणाली, "मला घरी सोड."

तेव्हापासून आमच्या गल्लीत कोण कुणाच्या दाराची बेल वाजवणार याची एक यादी आहे. अकरा घरं. कुणाकडे व्हीलचेअर, कुणाकडे ऑक्सिजन, कुणाचे आईवडील आलेत. असोसिएशनने ती करायला नकार दिला होता, खाजगी माहिती म्हणून. आम्ही कागदावर केली.

पाच फुटांचा कायदा २०२० चा आहे, त्याचे नियम लिहिता लिहिता वर्षं गेली, आणि आमची मीटिंग पुढच्या महिन्यात पुन्हा भांडणार आहे. विम्याचं तर विचारूच नका, आमची पॉलिसी एका पत्राने संपवली गेली आणि नवी दुप्पट भावाने मिळाली. रोझमेरीवाल्या बाईंचं दुःखही मला कळतं. मी त्यांना म्हटलंय, रोपटी मुळासकट काढायला मी येते, कुंडीत लावून कुंपणापाशी नेऊ. त्या अजून बोललेल्या नाहीत माझ्याशी.

आमचा मल्च गेलाय. दोन शनिवार आणि एक ट्रक खडी लागली. परवा व्हिडिओ कॉलवर आईला फोन फिरवून सगळं दाखवलं. तिने नीट पाहिलं, पन्हाळसुद्धा बघायला मागितली. "आता बरंय," म्हणाली. "पण तुळस कुठे दिसत नाही ती दारासमोर?"

तुळस मी मोजून सहा फुटांवर नेलीय. आईला सांगितलं, कॅमेऱ्यात येत नाही.